शोरॉकला पाठमोरा उभा करू नका

इंग्लंडातल्या नाटकधंद्यात तीसेक वर्षं एक गोष्ट सगळ्या रंगव्यवस्थापकांना तोंडपाठ होती. क्लिफर्ड शोरॉकला प्रेक्षकांकडे पाठ करून वाक्य द्यायचं नाही. तालमीच्या पहिल्या दिवशीच त्याची खुर्ची समोर तोंड करून मांडली जायची. एखादा नवा दिग्दर्शक हट्टाला पेटलाच, तर जुनी मंडळी त्याला बाजूला घेऊन सांगायची, "साहेब, भिंत हलवा. तो काही हलायचा नाही." आणि खरोखरच भिंत हलवली जायची. लीड्सला एकदा आख्खी शेकोटी उजवीकडची डावीकडे नेली होती.

तसा तो काही फार मोठा नट नव्हे. पडद्यावर आणि रंगमंचावर मिळून त्यानं सत्तावीस पाद्री केले, एकोणीस पोलीस इन्स्पेक्टर केले, बटलर किती केले ते त्यालाच ठाऊक नाही, आणि चार प्रेतं केली. आगगाडीत समोर बसलेली माणसं त्याच्याकडे बराच वेळ बघून विचारायची, "तुम्ही आमच्या बँकेत होता का हो?" तो "होतो की," म्हणायचा. खोटं नव्हतं ते. बँकेचा मॅनेजर त्यानं सहा वेळा केला होता.

चेहरा सगळ्या देशाला ठाऊक, नाव कुणालाच नाही, अशी त्याची गत. पण त्याच्या गावी, कापडगिरण्यांच्या बर्नलीत, जाऊन विचारा. तिथल्या म्हाताऱ्या बायका त्याचं नाव काढलं की खुर्चीत ताठ होऊन बसतात आणि म्हणतात, "आमचा क्लिफर्ड ना?" असं का, ते सांगायचं तर त्याच्या आईच्या कानांपासून सुरुवात करावी लागते.

आई ॲलिस ॲन शोरॉक चार माग चालवायची. एका छपराखाली सहाशे माग, आणि प्रत्येक मागाचा धोटा मिनिटाला दोनशे वेळा इकडून तिकडे आपटतोय. त्या धडधडाटात कान टिकायचे नाहीतच. तेराव्या वर्षी ती मागावर उभी राहिली आणि तिशीत तिला दारावरची थाप ऐकू येईनाशी झाली. त्याचं तिला दुःख नव्हतं. तिच्या गल्लीत निम्म्या बायकांचं तेच झालं होतं. गिरणीत सगळ्याजणी ओठांनी बोलायच्या. आवाज काढायचाच नाही, ओठ, गाल, भुवया, सगळा चेहरा कामाला लावून एकेक शब्द घडवायचा. त्याला तिथं मी-मॉ म्हणतात. साठ फुटांवर उभी असलेली बाई काल रात्री नवऱ्याशी कशावरून भांडली, हे या टोकाला बसून बिनचूक कळायचं. जे कळू द्यायचं नसेल ते बोलताना तोंडावर आडवा हात धरायचा, एवढाच काय तो पडदा.

घरातही कायदा तोच. पाठ करून बोलायचं नाही. घास तोंडात असताना बोलायचं नाही. दिव्याच्या अलीकडे बसायचं, म्हणजे तोंडावर उजेड पडतो. बाप छातीच्या दुखण्यानं लवकर गेला, थोरली बहीण हेटी चौदा वर्षांची झाली तशी गिरणीत कांड्या भरायला लागली, आणि दिवसभराचं रामायण आईला सांगायचं काम धाकट्या क्लिफर्डकडे आलं. संध्याकाळी व्हिनेगर शिंपडलेली वजडी ताटात पडली की आई म्हणायची, "हं, बोल. आज शाळेत कोण रडलं?" मग तो मास्तर व्हायचा, मार खाणारा पोरगा व्हायचा, त्या पोराची भांडायला आलेली आईही व्हायचा. आई हसली की त्याला कळायचं, जमलं. कपाळाला आठी पडली की समजायचं, ओठ नीट उघडले नाहीत.

"पुन्हा सांग. खाल्लास तू शब्द."

"आई, खाल्ला नाही गं, गिळला."

"मग उलटून काढ आणि नीट वाढ."

तोंडावर कौतुक मात्र तिनं जन्मात कधी केलं नाही. चांगलं झालं तर "बरं" म्हणायची आणि ताटं उचलायची.

वीस वर्षांचा असताना क्लिफर्ड शेजारच्या गावातल्या नाटक कंपनीत लागला. दर सोमवारी नवं नाटक. संध्याकाळी या आठवड्याचं करायचं, सकाळी पुढच्याची तालीम करायची, आणि मधल्या वेळात त्याच्या पुढच्याचं पाठांतर. कपडे ज्याचे त्यानं आणायचे. आईनं बापाचा काळा सूट कापून दिला, आणि त्या एका सुटावर त्यानं सहा वर्षं पाद्री आणि डॉक्टर काढले. दर शनिवारी दुपारच्या खेळाला आई पाचसात मैत्रिणी घेऊन वरच्या स्वस्त गॅलरीत पुढच्या रांगेत बसायची. त्या बायकांना कंपनीतल्या बाकीच्या नटांचं एक अक्षरही कळत नसे. नायकाबद्दल शेजारच्या बर्थाचं मत असं होतं की तो पोरगा दिसायला गोड आहे, पण तोंडात खडा धरून बोलतो. क्लिफर्डचा प्रत्येक शब्द मात्र खणखणीत पोचायचा. ज्या नाटकात त्याला चार वाक्यं जास्त असतील, त्या शनिवारी गॅलरी भरते, हे मालकाच्या ध्यानात आलं. त्याला कारण कळलं नाही, पण त्यानं वाक्यं वाढवली.

मग लंडन. ज्याला बोलावणं येतं तो जातो, तसा क्लिफर्डही गेला, १९५७ साली. दिग्दर्शक होते पेरिग्रिन व्हॉस. पातळ ओठांचे, शांत, आणि धंद्यात दबदबा असलेले. पहिल्याच तालमीत त्यांनी हात वर करून त्याला थांबवलं.

"शोरॉक, तुम्ही कुणाशी बोलताय?"

"बायकोशी, साहेब. म्हणजे नाटकातल्या."

"ती तुमच्या डावीकडे आहे. तुम्ही वर छताकडे बघून बोलताय. आणि ते तोंड! बाळाला भरवताना आई तोंड उघडते ना, तसं चाललंय."

सगळे हसले. क्लिफर्डही हसला आणि मनातल्या मनात मेला. पण माणूस कष्टाळू. तीन आठवड्यांत त्यानं ओठ मिटून बोलायला शिकून घेतलं. तिसऱ्या अंकात त्याच्या डॉक्टरची कबुली होती. थकून झोप लागली म्हणून एक रोगी आपल्या हातून गेला, असं तो बायकोला सांगतो. साडेतीन मिनिटं. व्हॉसनी त्याला शेकोटीकडे तोंड करून उभा केला, सगळं बोलणं पाठमोरं. पहिल्या खेळानंतर पेपरांनी लिहिलं की, शोरॉक यांची पाठ इतरांच्या चेहऱ्यापेक्षा जास्त बोलते. सहा वर्षं केलेल्या पाद्र्यांनी जे दिलं नाही ते एका पाठीनं दिलं. क्लिफर्डची छाती फुगली, आणि त्यानं आईला आणि हेटीला गाडीची तिकिटं पाठवली.

आई आली. चांगल्यातली जागा, मांडीवर पर्स, डोक्यावर तपकिरी टोपी. खेळ संपल्यावर ती त्याच्या खोलीत आली आणि खुर्चीवर बसली.

"कसं वाटलं, आई?"

"पाठ चांगली आहे तुझी. तुझ्या बापाची अशीच होती."

"आणि नाटक?"

"मला काय माहीत? अडीच तास मी तुझा कोट बघितला. डाव्या खांद्याची शिवण उसवलीय, टाका घालून घे."

त्यात टोमणा नव्हता, हेच वाईट होतं. तिला जे दिसलं ते तिनं सांगितलं. त्यानंतर ती त्याच्या नाटकाला आली नाही. हेटीनं विचारलं की म्हणायची, "कोट मी पाहिलाय."

क्लिफर्डला हे लागलं. पेपरातली कात्रणं वाढत गेली, पण ज्या एका बाईसमोर तो बोलायला शिकला, तिला तो आता मुका होता.

आता एका सिनेमाकडे येतो. साल १९६१. क्लिफर्डला स्टेशनमास्तरचं काम मिळालं, एकाच प्रसंगाचं. नायक रॉडरिक फेन, तेव्हाचा मोठा देखणा तारा. नायिका फलाटावर उभी आहे. स्टेशनमास्तरच्या खोलीची काच बंद. आत स्टेशनमास्तर नायकाला सांगतो की गाडीला अपघात झाला आणि तुझा भाऊ गेला. आपल्याला ऐकू काही येत नाही. काचेतून फक्त दिसतं, वर संगीत वाजतं, आणि नायिका बाहेर उभ्या उभ्या रडते. अशा वेळी आतल्या नटांनी काय बोलायचं, याचा त्या धंद्यात रिवाज ठरलेला आहे. "रुबार्ब, रुबार्ब" म्हणत राहायचं. आंबट देठाची भाजी आहे ती एक. ओठ हलले की झालं.

क्लिफर्ड तसंच म्हणत होता. पण बाहेरून कर्ण्यातून ओरड आली, "अहो स्टेशनमास्तर, काचेतून तुमचे ओठ दिसतच नाहीत! मोठे हलवा! काहीही बोला, आवाज घेत नाही आपण!"

ओठ मोठे हलवायची त्याला एकच रीत ठाऊक होती. चार वर्षं बांधून ठेवलेलं तोंड सुटलं. आणि त्या तोंडात भाजी राहीना. मनात जे होतं तेच आलं. अत्यंत गंभीर चेहऱ्यानं, नायकाच्या खांद्यावर हात ठेवून, बर्नलीच्या मागखात्यात बोलतात तसं तो बोलला, "रॉडरिक, तुझा टोप मागून सुटलाय. मान खाली घालू नकोस, टक्कल दिसतंय. या बुटांनी माझ्या टाचा सोलून काढल्यात. आणि दुपारचं ते मटण, बाबा, आमच्या गिरणीच्या मांजरानं हुंगलं नसतं." दिग्दर्शक म्हणाले, झकास. पहिल्याच फटक्यात घेतलं.

सिनेमा लंडनात लागला, लोक ढसाढसा रडले. ब्रिस्टलला रडले. मग बर्नलीला लागला. शनिवारी दुपारचा खेळ, थिएटरात नऊशे माणसं, त्यातल्या सहाशे बायका मागावर आयुष्य काढलेल्या. काचेचा प्रसंग आला, व्हायोलिनं वाजायला लागली, नायिकेच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि सगळं थिएटर हसून कोसळलं. बायका एकमेकींच्या अंगावर पडत होत्या. मॅनेजर धावत मशीनच्या खोलीत गेला, त्याला वाटलं फिल्म उलटी लागली. पुढचे दोन आठवडे तिथं जागा मिळेना. शेजारच्या गिरणीगावांतून गाड्या भरून माणसं आली, आणि काचेचा प्रसंग संपला की चहाला उठून गेली.

ही बातमी लंडनला पोचायला फार दिवस लागले नाहीत. क्लिफर्डच्या एजंटचा फोन आला.

"क्लिफर्ड, तू त्या काचेमागं काय बोललास?"

"विशेष काही नाही. मटणाबद्दल बोललो."

"आणि फेनच्या केसांबद्दल?"

"केसांबद्दल नाही. नसलेल्या केसांबद्दल."

एजंटनं फोन ठेवला. त्यानंतर चौदा महिने क्लिफर्डला कुठल्याही कॅमेऱ्यानं जवळ फिरकू दिलं नाही.

पण त्याच आठवड्यात आईचं पत्र आलं. ती पत्र लिहिणारी बाई नव्हती. "प्रिय क्लिफर्ड, चार वेळा पाहिला. शब्द न् शब्द कळला. दुसऱ्याच्या टकलाबद्दल बोलू नये, मी तुला तसं शिकवलेलं नाही. बूट बदल. आई." क्लिफर्डनं ते रंगाच्या पेटीच्या झाकणाला आतून चिकटवलं, आणि पेटी उघडली की आधी ते वाचायचा, मग आरशात बघायचा.

काम दिलं ते शेवटी व्हॉसनीच. डॉक्टरचं तेच नाटक त्यांनी गावोगावच्या दौऱ्यासाठी पुन्हा उभं केलं. क्लिफर्डवर त्यांचे उपकार होते, हे खोटं नाही. आठव्या आठवड्यात बर्नलीजवळचं मँचेस्टर आलं. शुक्रवारी त्यानं व्हॉसना गाठलं आणि हळूच विचारलं, "साहेब, उद्या दुपारी ती कबुली समोर तोंड करून बोललो तर चालेल? एका खेळापुरतं."

"का?"

"आई येईल कदाचित. तिला ऐकू येत नाही."

व्हॉस वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्याचं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "शोरॉक, ती पाठ म्हणजेच हे नाटक आहे. एका आईसाठी मी ते बाराशे माणसांना मोडून दाखवणार नाही. वळलात, तर माझ्याकडचं तुमचं काम संपलं असं समजा."

क्लिफर्डनं मान डोलावली. यात त्याला काही चुकीचं दिसलं नाही. आणि आई येणार नव्हतीच बहुधा.

शनिवारी खेळाला अर्धा तास असताना हेटी मागच्या दारानं आली. तोंड लालबुंद.

"आईला आणलंय. दोन बस केल्यात, क्लिफर्ड. आमची गिरणी बंद झाली ना मे महिन्यात, सगळ्या घरी बसून कुढत होत्या. नव्वदजणी आहोत. वरच्या गॅलरीत."

"आई तयार झाली?"

"झाली? बसमध्ये उभी राहून सगळ्यांना सांगत होती. लंडनच्या लोकांना त्याचं कळत नाही, पण आमचा क्लिफर्ड बोलायला लागला की शब्द न् शब्द कळतो, म्हणाली. सिनेमात पाहिलंत ना, तसंच, म्हणाली." हेटीनं त्याच्याकडे जरा रोखून पाहिलं. "अजून तो कोटच बघायचाय का रे?"

क्लिफर्ड कोट चढवायला लागला. हेटी तशी शहाणी. तिनं त्याच्या खांद्यावरची शिवण हातानं तपासली आणि गेली.

पहिले दोन अंक त्यानं व्हॉसना हवे तसे केले. मध्यंतरात तो खोलीत बसून राहिला, पेटी उघडलीच नाही. तिसऱ्या अंकात तो शेकोटीपाशी गेला. ठरल्याप्रमाणे कठड्यावर हात ठेवला. पाठीमागे सभागृह गप्प झालं, पाठीची सगळे वाट बघत होते. समोर रंगवलेल्या विटा. चारशे खेळांत त्या विटा त्यानं इतक्या पाहिल्या होत्या की कुठल्या विटेचा रंग उडालाय ते त्याला डोळे मिटून सांगता आलं असतं. त्याच्या मनात एकच आलं. आपण आजवर ही कबुली विटांना दिली.

तो वळला.

बायकोचं काम करणारी नटी दचकली, पण जुनी खेळाडू, लगेच खुर्ची फिरवून बसली. क्लिफर्डनं मान वर केली, गॅलरीच्या पुढच्या रांगेत तपकिरी टोपी शोधली आणि बोलायला लागला. आवाज चढवला नाही. उलट खाली आणला. पण तोंड सगळं उघडलं, घरी दिव्याच्या अलीकडे बसून उघडायचा तसं. "मला झोप लागली. तो हाका मारत होता आणि मला झोप लागली." वर नव्वद बायका कठड्यावर पुढे झुकल्या. त्या वाचताना त्यांचे ओठही त्याच्या ओठांबरोबर हलत होते, आवाज न करता. खालच्या महागड्या जागांवरच्या लोकांना काय चाललंय ते कळलं नाही, पण ती शांतता त्यांनाही लागली. साडेतीन मिनिटांत कुणी खोकलंदेखील नाही.

रंगव्यवस्थापकानं विंगेत वहीत लिहिलं, "तिसरा अंक. श्री. शोरॉक वळले." त्याचं पुढे काय झालं ते इथंच सांगून टाकतो. व्हॉसनी त्याला दौरा पुरा करू दिला आणि पुन्हा कधी बोलावलं नाही. क्लिफर्डनंही कधी पाठ दिली नाही. ज्यांना तो समोरून चालला, त्यांनी त्याला पुढली तीस वर्षं काम दिलं. पुढले पाद्री, इन्स्पेक्टर आणि बँकेचे मॅनेजर सगळे तोंड भरून बोलले.

पडदा खाली आला आणि पुन्हा वर गेला. सगळे नट हात धरून ओळीत उभे. टाळ्या अशा सुरू झाल्या की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. वाकून सरळ होताना क्लिफर्डच्या लक्षात आलं की हा चालू मागखात्याचा आवाज आहे, आणि या आवाजात बोलायचं कसं ते इथं फक्त आपल्याला आणि वरच्या नव्वदजणींना येतं. त्यानं वर बघून ओठ हलवले.

"आई, कळलं का?"

आई टाळ्या वाजवत नव्हती. पर्स मांडीवर ठेवून ताठ बसली होती. साठ फुटांवरून तिनं सावकाश, नीट उत्तर दिलं.

"बूट बदललेस, ते बरं केलंस."

त्याला हसू फुटलं. दुसऱ्यांदा वाकून तो सरळ झाला तेव्हा आई शेजारी बसलेल्या बर्थाकडे वळली होती. असल्या वेळी ती नेहमी तोंडावर आडवा हात धरायची. त्या दिवशी ती विसरली की तिनं मुद्दाम धरला नाही, हे क्लिफर्डला जन्मभर कळलं नाही. सगळ्या गॅलरीला दिसेल असं, एकेक शब्द नीट घडवून ती बर्थाला म्हणाली, "हा माझा. त्याला बोलायला मी शिकवलंय."